लिंबाएवढी गाठ

आप्पा, गेल्या महिन्यात माझ्या आतड्यातनं एक गाठ काढली. घाबरू नका. आता तुम्ही कुठले घाबरताय म्हणा, पण तुमच्याशी बोलायचं तर हे आधी सांगायची सवय अजून गेलेली नाही. वाटाण्याएवढी होती. हल्ली पोट फाडत नाहीत, नळीला कॅमेरा लावून आत घालतात आणि तिथल्या तिथं खुडून आणतात. तुमची नात, म्हणजे माझी लेक, त्याच दवाखान्यात भूल द्यायचं काम करते. चार दिवसांनी तिचा फोन आला. "आई, साधी गाठ आहे. लवचीक तंतूंची. मी लॅबमध्ये जाऊन स्वतः बघून आले." मी "बरं" म्हणाले. फोन ठेवला आणि ओट्यापाशी तशीच उभी राहिले, कारण ते 'बरं' माझ्या आवाजातलं नव्हतं. ते तुमचं होतं. हनुवटी जरा खाली घालून, समोरच्याच्या मनासारखं व्हावं म्हणून तुम्ही म्हणायचा ना, तसलं. दूध उतू गेलं तरी मी हलले नाही. तेव्हापासनं तुम्हाला लिहायचं डोक्यात आहे, आणि आज भांडीवाली आली नाही म्हणून सकाळी सकाळी मोकळी आहे.

सुरुवात आईपासनंच करायला पाहिजे, कारण तिथंच सगळं बिनसलं. मी कॉलेजात पी.यू.सी.ला होते, म्हणजे चौऱ्याहत्तर-पंचाहत्तर साल असेल. आपलं वडगावचं घर, पुढच्या खोलीत खड्ड्याचा माग, तुम्ही त्यात कमरेपर्यंत उतरलेले, आणि भिंतीशी आई रहाटावर कांड्या भरत बसलेली. माग चालू असला की मला अभ्यास सुचायचा नाही, आणि बंद असला की घरात काहीतरी वाईट झालंय असं वाटायचं. आई निपाणीची. लग्नाआधी तंबाखूच्या वखारीत काम केलेली. तिची आई म्हणायची, आमच्या पोरीला तंबाखूनं शिंका येतात म्हणून दूर सुताच्या घरात दिली. तिला तुमचा माग आवडायचा. तुमचा धोटा एका लयीत जायला लागला की ती रहाट त्याच लयीत फिरवायची आणि तुम्ही मुद्दाम लय बदलायचा. "करा, करा वांडपणा," म्हणायची. तुम्ही दोघं एकमेकांशी फार बोलत नव्हता. पण ती लय बदलायची थट्टा रोज चालायची, आणि मला त्या वयात त्याची लाज वाटायची.

त्या वर्षी तिचं जेवण कमी झालं. भाकरी नको, हुलग्याचं पातळ माडगं दे म्हणायला लागली, मग माडगंही नको झालं. तुम्ही तिला मिरजेला नेलं, मला बरोबर घेतलं, कारण मला इंग्रजी येतं असा तुमचा समज होता. तिथल्या डॉक्टरनं तिच्या गळ्याच्या हाडावर, डाव्या बाजूला, बोटं फिरवली, एका जागी थांबवली, आणि गप्प झाला. त्या बोटांचा अर्थ मला पुढं बऱ्याच वर्षांनी शिकवला गेला, पोटातलं दुखणं पसरलं की तिथं गाठ हाताला लागते. तेव्हा एवढंच कळलं की तो गप्प झाला आणि आईनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. मग पोट उघडलं, आणि काही न काढता तसंच शिवलं. दाराबाहेर तो तुम्हाला सांगत होता, तुम्ही मान हलवत होता, आणि खाटेवरनं आईला दाराच्या फटीतनं आपण दोघं दिसत होतो. हे मला आज दिसतंय. त्या दिवशी दार ओढून घ्यायचं आपल्यापैकी कुणालाच सुचलं नाही.

आपल्या गल्लीत तो शब्द कुणी उच्चारत नव्हतं. 'तसलं' म्हणायचे. आणि ज्याला 'तसलं' झालंय त्याला सांगायचं नाही, हा तर धर्मच होता. सगळ्यांना साधीच गाठ व्हायची. कोपऱ्यावरच्या पानवाल्याला साधी, सूत देणाऱ्या मालकाच्या मुनिमाला साधी, आणि सगळे साध्या गाठीनंच मेले. तुम्ही मला व्हरांड्यात नळापाशी नेलंत. तोंड धुतलंत, माझंही धुवायला लावलंत. "रडायचं न्हाई. गाठ काढली म्हणून सांगायचं. साधी हुती म्हणायचं." मी विचारलं, "केवढी होती म्हणायचं?" बघा, सतरा वर्षांची मी, आणि माझं डोकं कुठं चाललं. तुम्हीही विचारात पडलात. "लिंबाएवढी म्हण," म्हणालात.

आत गेलो. तुम्ही सांगितलंत, गाठ काढली, साधी हुती, मी ताटलीत बघितली, लिंबाएवढी. आई तुमच्याकडं बघत नव्हती. तुम्हाला खोटं बोलता येत नाही हे तिला ठाऊक होतं, मालकाला साडीतला झोलसुद्धा तुम्ही आपण होऊन दाखवायचा. ती माझ्याकडं बघत होती. "तूबी बघितलीस?" तिनं विचारलं. मी म्हणाले, "व्हय आई. मी स्वतः बघितली. लिंबाएवढी हुती." आवाज जरासुद्धा हलला नाही. मला त्याचा अभिमान वाटला, आप्पा. काय मेलं त्या वयाचं, मला वाटलं मी एकदम मोठी झाले, तुमच्या बरोबरीची. आई म्हणाली, "बघितलीस व्हय. बरं झालं." आणि डोळे मिटले.

घरी आल्यावर ती पुन्हा रहाटावर बसायला लागली. थोडा वेळच, पण बसायची. मला शेजारी बसवून कांडी कशी भरायची ते दाखवायची आणि मी वैतागायचे, माझी परीक्षा आहे म्हणायचे. एकदा स्वयंपाकघरात मी भाकरी थापत होते, ती उंबऱ्याला टेकून बसली होती, आणि मध्येच म्हणाली, "सांग की गं, कशी हुती ती गाठ." मी पुन्हा सांगितलं. या वेळी रंगही सांगितला, पिवळसर म्हणाले. ती हसली. मला वाटलं पटलं तिला, मी किती छान सांगते. दिवाळीच्या आधी ती गेली. शेवटपर्यंत आपल्या घरात कुणी तो शब्द काढला नाही, आणि नातेवाईक म्हणाले, पोरीनं आईला कळू दिलं नाही हो, लई धीराची. मी ती शाबासकी घेतली.

डॉक्टर झाल्यावर सगळे विचारायचे, पॅथॉलॉजी कशाला घेतलीस, तिथं पेशंटचं तोंडसुद्धा दिसत नाही. तुम्हीही विचारलंत. "म्हंजे तू औषध देणार न्हाईस?" मी म्हणाले, न्हाई आप्पा, मी फक्त बघून सांगणार काय आहे ते. तुम्हाला ते पटलं नाही, चेहरा पडला होता तुमचा. पण मला तेच पाहिजे होतं. बघायचं आणि जे असेल ते सांगायचं. न बघितलेली गाठ लिंबाएवढी म्हणायची पाळी पुन्हा नको. हे मी तुम्हाला तेव्हा बोलून दाखवलं नाही, कारण आईचा विषय आपल्या घरात बंद होता. तुम्ही माग चालू करायचा आणि मी पुस्तक उघडायचे.

मग शहाऐंशीच्या सुमाराला तुमचं पोट दुखायला लागलं. मी तेव्हा एम.डी. करत होते, होस्टेलवर राहायचे, रविवारी वडगावला यायचे. धाकटा भाऊ म्हणाला, आप्पा जेवत न्हाईत गं आक्का, माडगं मागत्यात. मी तुम्हाला सोमवारीच बरोबर घेऊन गेले. फोटो काढले, जठरात गाठ दिसली. आईला जिथं, तिथंच. आमच्या दवाखान्यातल्या सर्जननी मला दाराबाहेर बोलावून हळू आवाजात सांगितलं, तसंच वाटतंय, मनाची तयारी ठेव. मी वळून बघते तर दार अर्धं उघडं, आणि तुम्ही खाटेवर उठून बसून माझ्याकडं बघताय. मी हसले. तुम्हीही हसलात. आपण दोघंही तेव्हा मिरजेत होतो, आप्पा.

ऑपरेशनमध्ये गाठीसकट जठराचा तुकडा काढला. तो आमच्याच खात्यात आला. पहिल्या स्लाइडवर मला वाईट काहीच सापडेना, आणि सापडत नाही म्हणून जास्तच भीती वाटायला लागली. आम्हाला शिकवणाऱ्या मॅडम धारवाडच्या, फार कडक, पण त्या दिवशी त्यांनी मला खुर्चीवरनं उठवलं आणि स्वतः बसल्या. वेगळा रंग लावायला सांगितला. दुसऱ्या दिवशी काच आली, त्यांनी बघितली आणि एकदम कन्नडात शिरल्या. "बा इल्ली," म्हणाल्या, इकडे ये. मी डोळा लावला. सगळीकडं काळेभोर धागे. जाड, आखूड, तुटलेले, गुंतलेले, काही मण्यांसारखे गोळा झालेले. आपल्या कातड्यात, रक्तवाहिन्यांत ताणून पुन्हा जागेवर येणारे तंतू असतात, तेच नको तिथं, नको तेवढे वाढलेले. इलॅस्टोफायब्रोमा. मॅडमनी आधी कधी पोटात बघितलेला नव्हता, पुस्तकात वाचलेला. "कॅन्सर नाही," म्हणाल्या, "काहीच करायचं नाही, म्हातारा नव्वद वर्षं जगेल. हाताचं काम करतात का वडील?" मी म्हणाले, माग विणतात. "मग खांद्याच्या फऱ्याखाली बघ. तशीच गाठ पाठीत असेल. धोटा मारून मारून तिथं होते, आणि क्वचित कुणाला पोटातही निघते." मला लहानपणीचं आठवलं, तुम्ही धोट्याला हात लांबवला की उजव्या फऱ्याखालनं काहीतरी उंच व्हायचं आणि हात मागं घेतला की आत जायचं. आई त्यावर तेल चोळायची. मी जिन्यावरनं अक्षरशः पळत वॉर्डात आले.

त्या दिवसाचा मी किती वेळा विचार केलाय. एवढा आनंद मला लग्नातसुद्धा झाला नाही, नवरा ऐकायला इथं नाही म्हणून लिहिते. मी तुमच्या खाटेवर बसले, तुमचा हात धरला. "आप्पा, साधी गाठ हाय. मी स्वतः बघितली." हेच शब्द बाहेर आले. दहा-अकरा वर्षं मी डॉक्टरकी शिकले, शब्दांचं भांडार होतं माझ्याकडं, आणि तोंडात आलं ते हेच. तुम्ही माझ्याकडं बघितलंत, फार मायेनं, आणि म्हणालात, "बघितलीस व्हय. बरं झालं." मला काहीही खटकलं नाही. मी आनंदात एवढी आंधळी की लगेच तुम्हाला कुशीवर वळवलं आणि फऱ्याखाली बोटं घालून गाठ शोधायला लागले. सापडली. घट्ट, लिंबापेक्षा मोठी. "हाय हाय, हितंबी हाय," मी म्हणाले. तुम्ही भिंतीकडं तोंड करून पडला होता. थोड्या वेळानं विचारलंत, "तिथवर पोचली व्हय?" मी हसले आणि म्हणाले, ती वेगळी हो आप्पा, ती जुनीच. कुणीतरी गाठ चाचपतं आणि मग गप्प होतं, हे तुम्ही एकदा बघितलेलं होतं. मी गप्प न होता हसले, एवढाच काय तो फरक, आणि हसणं तर आपण दोघं मिळूनच शिकलो होतो.

घरी गेल्यावर तुम्ही मागावर बसलात तेव्हा मला वाटलं, झालं, गाडी रुळावर आली. मागावर अर्धी साडी होती, डाळिंबी अंगाची, हिरव्या काठाची. ती तुम्ही सावकाश पुरी केलीत. कापून उतरवलीत. आणि मागावर नवा ताणा चढवला नाही. धाकट्यानं विचारलं तर म्हणालात, बघू. मालक सूत घेऊन आला तर त्याला म्हणालात, दुसऱ्याला द्या. आपल्यात मानतात, मागावर अर्धं कापड ठेवून विणकरानं जाऊ नये, मागच्यांना ते ना कापवतं ना पुरं करवतं. आजोबांच्या मागावर तसं राहिलं होतं म्हणे, आणि तुम्ही पोरवयात ते पुरं केलं होतंत. म्हणून तुम्ही नवं काही सुरूच केलं नाही. खड्ड्यावर फळ्या टाकल्यात आणि त्यावर चटई टाकून बसायला लागलात. ती साडी घडी घालून माझ्या पुढ्यात ठेवलीत. "तुला. शेवटची हाय, जपून नेस." माझं डोकंच फिरलं. मी म्हणाले, शेवटची कसली, नवा ताणा चढवा, त्यातली पहिली घेईन, ही न्हाई घेत. तुम्ही जरा वेळ हात तसाच पुढं धरलात. मग वहिनीला, धाकट्याच्या बायकोला, हाक मारलीत आणि तिला दिलीत.

मला वाटलं होतं मी तुम्हाला डिवचते आहे, ईर्षेनं तरी मागावर बसाल. मी हट्टाला पेटले होते. मी तुम्हाला पुस्तक दाखवलं, मॅडमना घरी आणलं. त्यांच्याशी तुम्ही कन्नडात सासर-माहेरची चौकशी करत बसलात आणि चहा प्यायला लावलात. शेवटी एक दिवस तुम्हाला घेऊन मी आमच्या खात्यात आले. मायक्रोस्कोपवर तुमचीच काच लावली. तुम्ही टोपी काढलीत, चष्मा काढलात, एक डोळा मिटलात, आणि बराच वेळ बघत राहिलात. "सूतच हाय की गं हे," म्हणालात. "व्हय आप्पा, सूतच." "तुटकं हाय. खळीची पाजण नीट बसली न्हाई." मी हसले, तुम्ही हसलात, शिपाईसुद्धा हसला. मला वाटलं जिंकले. परत येताना खासबागेच्या वळणावर टांगा थांबला होता, घोड्याला पाणी दाखवत होता टांगेवाला, तेव्हा तुम्ही अगदी सहज विचारलंत, "तुमच्यात असल्या लई काचा असत्यात न्हवं? लोकांच्या?"

मी तुमच्यावर ओरडले. भर रस्त्यात, टांगेवाल्यादेखत. म्हणाले, तुम्हाला मी खोटारडी वाटते का, मी कशाला दुसऱ्याची काच दाखवीन, आयुष्य घालवलं मी या काचांत. तुम्ही माझा हात थोपटत राहिलात. "न्हाई गं. मी म्हटलं का तसं." घरी येईपर्यंत थोपटत होता. मी उतरले नाही, तशीच होस्टेलला गेले, आणि पुढचे दोन रविवार आले नाही. खरं बोलणाऱ्याचा राग फार मोठा असतो, आप्पा. आपण एकदा तरी खोटं बोललोय हे त्याला त्या वेळी आठवत नाही.

तिसऱ्या रविवारी आले तेव्हा घरात तुम्ही एकटेच. स्वयंपाकघरात चुलीपुढं बसून माझ्यासाठी वांग्याची भाजी टाकत होता, आई गेल्यापासनं तुम्हाला ती जमायला लागली होती. मी उंबऱ्यावर बसले. राग गेला होता, पण हट्ट नव्हता गेला. म्हणाले, "आप्पा, आता किती येळा सांगू तुमाला? साधी हाय. साधी हाय. साधी हाय." तुम्ही भाजी हलवत म्हणालात, "सांग की. सांगत ऱ्हा. बरं वाटतंय ऐकून." मी म्हणाले, पण पटत नाही ना तुम्हाला. मग तुम्ही झाकण ठेवलंत आणि माझ्याकडं न बघता बोललात. "तुझ्या आईलाबी ठावं हुतं." मला कळेचना काय म्हणताय. "मिरजेत असतानाच. पोट शिवल्यावर म्हणाली, एवडीशी गाठ काढल्याचं दुखणं न्हवं हे. मला म्हणाली, पोरीला कळू देऊ नका मला ठावं हाय ते. तिनं लई धीरानं सांगितलंय, तिचा धीर मोडंल. म्हणून तुला इचारायची, सांग की गं कशी हुती गाठ. तू सांगायलीस की तिला बरं वाटायचं. तुझ्या तोंडाकडं बघत बसायची." मग ताट घेतलंत, दोन भाकऱ्या वाढल्यात, म्हणालात, "जेव आता. न्हाईतर गार हुईल."

मी जेवले. दुसरं काय करणार होते. माझी सगळी शाबासकी त्या ताटापुढं संपली, आणि त्याहून वाईट म्हणजे मला कळलं की आता माझ्याकडं तुम्हाला सांगायला काही उरलेलं नाही. जे वाक्य मला तुमच्यासाठी पाहिजे होतं, ते मी आईवर खर्चून बसले होते. तुम्ही मला खोटारडी म्हणत नव्हता. तुम्हाला वाटत होतं पोर पुन्हा धीर धरते आहे, तिचा धीर मोडायला नको. मी जितकं जीव तोडून सांगेन तितकं तुम्हाला ते जास्त खोटं वाटणार, आणि तितकी तुमची माया वाढणार. मी त्या दिवशी तरी म्हणायला पाहिजे होतं की आप्पा, तेव्हा मी खोटं बोलले, आईपुढं, तुमच्यापुढं, आणि आज खरं बोलते आहे, दोन्ही वेळचं माझं तोंड आठवून बघा. नाही म्हणाले. भाजी चांगली झालीय म्हणाले.

त्यानंतर तुम्ही तीन वर्षं जगलात. पोट दुखलं नाही, भाकरी पचत होती, वजनही भरलं होतं, आणि तरी तुम्ही रोज सकाळी अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, त्या फळ्यांवर चटई टाकून बसायचा. गाडी यायची असल्यासारखे. गल्लीतले सगळे हातमाग एकेक करून निघाले, पॉवरलूमचा आवाज आला, धाकटा तिथं नोकरीला लागला. मी आले की तुम्ही विचारायचा, काय गं, साधीच न्हवं? मी म्हणायचे, साधीच. तो आपला रामराम झाला होता. एकोणनव्वदला सकाळी चहा पिता पिता तुम्ही गेलात. हृदय. मी पोस्टमॉर्टेमसाठी सही केली नाही, पण मला ठाऊक आहे ते हृदयच होतं, गाठीचा काही संबंध नव्हता. लोक म्हणाले, तसलंच हुतं, पोरीनं शेवटपर्यंत कळू दिलं नाही. मी एकालाही खोडून काढलं नाही. कुणाला पटलं असतं? फळ्या उचलल्या तर खड्ड्यात तुमचा धोटा होता, तेल लावलेला, फडक्यात बांधलेला. तेवढं बघून मला वाटलं, तुम्हाला थोडं थोडं पटत असावं, म्हणून तेल लावत होता. की नुसती सवय. हे आता विचारायला तुम्ही नाही.

पुढं मी किती पेशंटांच्या गाठी बघितल्या त्याला गणती नाही. पोरांना शिकवताना तुमची काच दाखवायचे, नाव न सांगता. म्हणायचे, हे दुर्मिळ आहे, नीट बघा, घातक नाही. पोरं मान हलवायची. कुणाच्या आईवडिलांना खोटं सांगू नका, हे मात्र मला वर्गात कधी सांगता आलं नाही, ओठांवर यायचं आणि मी पुढच्या काचेवर जायचे. ती डाळिंबी साडी वहिनीनं नेसून नेसून विरवली, आणि मग ती वाकळेत गेली. काठ अजून दिसतो. धाकट्याकडं गेले की मी ती वाकळ अंगावर घेते, वहिनीला वाटतं मला थंडी फार.

तुमच्यावर मी फार वर्षं रागावलेली होते, आप्पा. अपराधी वाटायचंच, पण त्याच्या खाली राग होता. एवढं शिकवलंत मला, पोटाला चिमटा घेऊन, आणि माझ्या शिकण्यावरच विश्वास ठेवला नाहीत. तुमची तीन वर्षं फुकट गेली ती माझ्या जुन्या खोट्यानं गेली हे मान्य, पण थोडी तरी तुमच्या हट्टानं गेली, असं मी मनातल्या मनात म्हणायचे. म्हणजे ओझं जरा हलकं व्हायचं.

आता जे सांगायला बसले ते. लेकीचा फोन झाला, मी 'बरं' म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लेक ऑपरेशनमध्ये असेल ती वेळ बघून रिक्षानं दवाखान्यात गेले. तिथली लॅब माझ्याच एका विद्यार्थ्याच्या ताब्यात आहे. त्याला म्हणाले, माझी काच दाखव. त्यानं मुकाट्यानं लावली. मी डोळा लावला. काळेभोर धागे, आखूड, तुटके, मण्यांसारखे. तुमच्याच घरचं सूत, आप्पा. लेक अगदी खरं बोलत होती. तिनं मला आयुष्यात कधी खोटं सांगितलेलं नाही, तिच्यापाशी कुठली लिंबाएवढी गाठ नाही, आणि तरी मी डोळा काढून ती काच हातात घेतली, उजेडात धरली, आणि तिच्यावरचं नाव वाचलं. ते माझंच होतं. मग पुन्हा वाचलं.

लेकीला मी हे सांगितलेलं नाही. विद्यार्थ्यालाही बजावलंय. ती रोज संध्याकाळी फोन करते, बिचारीला वाटतं आई घाबरलीय, आणि न विचारता म्हणते, साधी आहे गं आई, मी स्वतः बघितलीय. मला ते ठाऊक आहे, मी माझ्या डोळ्यांनी बघून आलेय. तरी मी तिला थांबवत नाही. म्हणते, सांग की अजून एकदा, कशी होती.